तीन किलो कमी, पावणेदोन लाख जास्त: हलकी सायकल बेळगावच्या रस्त्यांवर किती पळते?

भाचा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला आहे. दिवाळीपासून त्याचा एकच धोशा: "मामा, कार्बन घेऊ की साधी घेऊ?" कार्बन म्हणजे कार्बन फायबरच्या फ्रेमची हलकी सायकल. साधी म्हणजे अगदी साधी नव्हे, गिअरची रोड बाईकच, पण कार्बन एकदा डोळ्यांत भरली की बाकी सगळं साधंच दिसतं. तोंडी तीनदा सांगून झालं. आता लिहूनच काढतो. त्याच्यासारखे आणखी कितीतरी जण दुकानाच्या काचेला नाक लावून उभे असतात, त्यांच्याही कामी येईल.

दोन सायकली अशा आहेत. पहिलीची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, पुढचं चाक धरणारा फोर्क कार्बनचा, गिअरचा संच शिमानो कंपनीचा साधा क्लॅरिस, मागे ८ गिअर, पेडलसकट वजन ११.२ किलो आणि किंमत ५५ हजारांच्या आसपास. दुसरी अख्खी कार्बनची, संच शिमानोचाच पण वरच्या दर्जाचा १०५, मागे १२ गिअर, पेडलसकट ८.२ किलो, किंमत २ लाख ३० हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण तो दोन्हींवर आला. मधला पावणेदोन लाखांचा खड्डा काही बुजत नाही.

माझ्याकडे पहिल्या जातीची आहे. दुसऱ्या जातीची शेजाऱ्याकडे आहे, आणि तो वर्षातले चार महिने दुबईला असतो. "टायर वाळायला नकोत, फिरवत जावा ओ," असं तोच म्हणून गेला. तेव्हा दोन्हींवर घाम गाळून मग बोलतोय.

चढाचा हिशेब

वजनाची खरी किंमत चढावर मोजली जाते, म्हणून तिथूनच सुरुवात. एक किलो जादा वजन १०० मीटर उंच न्यायचं आणि पायांतून २०० वॅट निघताहेत असं धरलं, तर ५ सेकंद जादा लागतात. २०० वॅट म्हणजे नेमाने सायकल मारणाऱ्याला धाप लावणारा, पण बराच वेळ टिकणारा जोर. हा आकडा लक्षात ठेवला की बाकी सगळं तोंडी करता येतं.

आपला रोजचा चढ राजहंसगडाचा. येळ्ळूर गावापासून वर १५० मीटर धरले, तर तीन किलोंचे साडेबावीस सेकंद. पावणेदोन लाख भागिले साडेबावीस. एका सेकंदाला पावणेआठ हजार रुपये पडले.

चोर्ला घाट गोव्याच्या बाजूने, केरीकडून चढला तर आकडा जरा बरा दिसतो. ७०० मीटर उंची धरू. पाऊण ते एक तासाच्या त्या चढात हलकी सायकल पावणेदोन मिनिटं वाचवते. कमी नाही हे. बरोबरचा दोस्त पहिल्याच वळणापासून तुमच्या मागच्या चाकाला चिकटून असेल, तर पावणेदोन मिनिटांत तो कुठल्या कुठे मागे राहतो. पण आपल्यातले किती जण महिन्यातून किती वेळा केरीला उतरून परत चढतात? बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याच्या टोकावर जायचं, भजी-चहा घ्यायचा आणि माघारी फिरायचं, हाच बहुतेकांचा रविवार. त्या वाटेवर चढ-उतार भरपूर आहेत, पण घाट असा अंगावर येत नाही. आणि जो काही वेळ वजनामुळे वाचेल, त्याहून जास्त त्या रस्त्यावरचे खड्डे चुकवण्यात जातो.

राजहंसगडावर मी दोन्ही सायकली घेऊन घड्याळ लावलं. पहिल्या शनिवारी माझ्या सायकलवर १२ मिनिटं ५ सेकंद, दुसऱ्या शनिवारी कार्बनवर ११ मिनिटं ४२ सेकंद. फरक २३ सेकंद, हिशेबाला अगदी धरून. मी खूश. तिसऱ्या शनिवारी रात्री झोप चांगली झाली होती, वारा पाठीवर होता, आणि माझ्याच जड सायकलवर ११ मिनिटं ३१ सेकंद लागले. चौथ्या शनिवारी पुन्हा कार्बन: ११ मिनिटं ५५ सेकंद. आदल्या रात्री लग्नाचं जेवण होतं. म्हणजे सायकलीचा फरक खोटा नाही, पण झोप, वारा आणि जिलेबी मिळून तो सहज गिळून टाकतात.

असाच प्रयोग एका ब्रिटिश भूलतज्ज्ञाने माझ्यापेक्षा फार शिस्तीने केलाय. त्याच्याकडे ५० पौंडांत घेतलेली साडेतेरा किलोची जुनी लोखंडी सायकल होती आणि १००० पौंडांची साडेनऊ किलोची कार्बन. रोज सकाळी नाणं उडवायचं आणि जी येईल ती घेऊन हॉस्पिटलला जायचं. जाऊन-येऊन ४३ किलोमीटर. अशा ५६ दिवसांची सरासरी काढली. लोखंडी सायकलला १ तास ४७ मिनिटं ४८ सेकंद, कार्बनला १ तास ४८ मिनिटं २१ सेकंद! २०१० च्या नाताळच्या अंकात ब्रिटिश मेडिकल जर्नलने ते छापलं. आता एकाच माणसाचा प्रयोग, आणि आपण कुठल्या सायकलवर बसलोय हे त्याला माहीत होतंच, त्यामुळे त्यावरून लोखंड वेगवान असं कुणी म्हणू नये. पण चार किलो आणि साडेनऊशे पौंडांचा फरक घड्याळात सापडू नये, हे भाच्याला ऐकवायला मला पुरेसं आहे.

सपाटीवर वारा मालक

सांबऱ्याचा रस्ता घ्या, नाहीतर हायवेचा संकेश्वरकडचा सपाट भाग. ताशी ३० ला जाताना पायांतला बहुतेक जोर हवा कापण्यात जातो. वेग वाढला की हवेसाठी लागणारी ताकद त्याच्या घनाच्या हिशेबात वाढते, आणि त्या हवेला अडवणारा मोठा अडथळा सायकल नसते, वर बसलेलं धूड असतं. तिथे तीन किलोंचा भार दीड वॅटच्या आसपास. ४० किलोमीटर अंतरावर जेमतेम २० सेकंद.

आता पावसाळा आठवा. जून ते ऑगस्ट घाटावरून येणारा पश्चिमेचा वारा. सकाळी पूर्वेला सांबऱ्याकडे जाताना वाटतं, आज पायात काय जोर आहे! परतताना कळतं तो जोर कुणाचा होता. समोरून ताशी १५ चा वारा असेल आणि तुम्ही २५ ने येत असाल, तर वरच्या दांड्यावरचे हात खाली, वाकड्या हँडलच्या पोटात घालून कोपरं दुमडली की वीसेक वॅट वाचतात. तीन किलो वाचवले तर त्याच वेळी सव्वा वॅट वाचतो. एक गोष्ट फुकट आहे, दुसरी पावणेदोन लाखांची. मात्र फुकटवालीसाठी कंबर लवावी लागते, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्या कंबरा काय लवतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

हवेपुढे वजनाचं काही चालत नाही याचा सगळ्यात मोठा दाखला तासाभराच्या विक्रमाचा. १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत तासात ४९.४३१ किलोमीटर काढले. त्याची सायकल सहा किलोच्याही आत होती. २०२२ मध्ये फिलिपो गान्नाने स्वित्झर्लंडमध्ये ५६.७९२ किलोमीटर काढले, आणि तोवर जागतिक संघटनेचा नियम आला होता की सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालणार नाही. सायकल वजनदार, हवा दाट, तरी सात किलोमीटर जास्त. हवेला फसवणारा आकार, कपडे, हेल्मेट, बसण्याची ढब, सगळं पन्नास वर्षांत बदललं. कमी झालं नाही ते वजन.

टायर

यावर कुणी बोलतच नाही, कारण टायरच्या जोरावर दोन लाखांची सायकल विकता येत नाही. स्वस्त सायकलवर येणारं टायर जाड, कडक आणि पंक्चरला जरा दाद न देणारं असतं. ते दाबून बघा, बोटाखाली वहाणेच्या तळासारखं लागतं. चांगलं रेसचं टायर बोटाने चिमटीत दुमडतं. ताशी ३० ला या दोन जोड्यांत १० ते २० वॅटचा फरक पडू शकतो, म्हणजे ४० किलोमीटरला दोन ते चार मिनिटं. पाच-सात हजारांत जोडी येते.

आणि हवा कमी भरा. "सर, ११० मारलीय, दगडासारखी," असं दुकानवाला अभिमानाने सांगतो. गुळगुळीत ट्रॅकवर चालेल ते. खानापूरकडच्या खरबरीत डांबरावर दगडासारखं टायर उड्या मारतं आणि प्रत्येक उडीत तुमचाच जोर वाया जातो. सत्तर-बहात्तर किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७५-८० पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप, दुकानवाल्याचे ११० त्याचेच) भरपूर झाली. जांबोटीच्या रस्त्यासाठी फ्रेममध्ये ३२ चं बसत असेल तर बेलाशक ३२ चं घाला. म्हणून दुकानात सायकल उचलून वजन बघण्याआधी फोर्क आणि टायरच्या मधली फट बघा. जुन्या धाटणीच्या काही हलक्या कार्बन फ्रेममध्ये २५ च्या पुढे काही शिरतच नाही.

चाकाच्या वजनाबद्दल एक समज पक्का आहे: फिरणारं वजन दुप्पट मोजायचं. वेग वाढवताना रिमचं वजन साधारण दुप्पट भरतं, खरं आहे. एका लयीत घाट चढताना मात्र रिमचे २०० ग्रॅम आणि बाटलीतलं २०० ग्रॅम पाणी यांत काडीचा फरक नाही.

मग महाग सायकल कशासाठी?

कारण ती झकास असते. मी शेजाऱ्याची सायकल परत करताना दर वेळी जरा उदास होतो, हे लपवत नाही. पेडल मारल्याबरोबर ती पुढे सरते. १२ गिअर असल्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना पायांची लय मोडत नाही. ८ गिअरमध्ये मधल्या दातांच्या उड्या मोठ्या, चढाच्या मधोमध एक गिअर फार जड आणि पुढचा फार हलका असं होतं. १०५ चे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक पावसात चोर्ला उतरताना दोन बोटांनी सायकल धरतात. याने वेळ किती वाचतो सांगता येणार नाही, जीव थाऱ्यावर राहतो एवढं नक्की. आणि जी सायकल बघून पहाटे पाचला उठावंसं वाटतं, तिच्यावर वर्षात हजार किलोमीटर जास्त होतात. तो वेग खरा, फक्त तो वजनातून येत नाही.

दुसरी बाजू म्हणजे दुरुस्ती. आठ गिअरची चेन, केबल, ब्रेक शू बेळगावात चालता चालता मिळतात. बारा गिअरची चेन मागवावी लागते, तोवर सायकल भिंतीला. कार्बनला हात लावणारा माणूस जपून निवडा. शेजाऱ्याची सायकल मी एकदा एका दुकानात सीट वर करायला दिली. पोऱ्याने नेहमीच्या सवयीने पाना घट्ट पिरगाळला, आणि खट्ट! सुपारी फुटावी तसा आवाज. सीटच्या नळीवर, क्लॅम्पच्या खाली, केसाएवढी उभी रेघ. त्या बोल्टला ५ न्यूटन-मीटरची मर्यादा तिथेच बारीक अक्षरांत छापलेली होती. "काय झालं नाही ओ सर, रंग उडालाय," म्हणाला. नवी नळी माझ्या पैशाने आली. तेव्हापासून टॉर्कचा पाना, म्हणजे बोल्ट किती जोराने पिळला ते दाखवणारा, मी घरातच ठेवतो.

कुणी कुठली घ्यावी? शर्यतीत उतरणार असाल, सायकलच्या अ‍ॅपवर घाटाचे ठरावीक टप्पे सगळ्यांत कमी वेळात चढून जिंकायचे असतील, टायर-बसणं-व्यायाम सगळं करून झालं असेल, तर कार्बन घ्या, तिथे वीस सेकंदांना किंमत आहे. पैसा मोकळा असेल आणि जीव जडला असेल तरी घ्या, फक्त बायकोला "वेगासाठी" असं सांगू नका, ती हिशेब मागेल. पहिलीच रोड बाईक असेल, कर्ज काढावं लागत असेल, किंवा निम्मा वेळ खानापूर तालुक्यातल्या रस्त्यांवर जाणार असेल, तर अ‍ॅल्युमिनियम, वर चांगले टायर, आणि उरलेल्यातून तीन-चार हजार देऊन कुणा जाणत्याकडून सीट आणि हँडल अंगाच्या मापाने लावून घ्या. फ्रेमचं माप चुकलं तर दोन्ही सायकली सारख्याच निरुपयोगी.

भाच्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुमचं पोट तीन किलोनं कमी केलं तरी घाटात तेवढेच सेकंद वाचतील की मामा." हिशेब बरोबर आहे त्याचा. ताटात कुंदा होता, त्यामुळे मी विषय बदलला. शनिवारी सकाळी ५४ मापाच्या फ्रेमची अ‍ॅल्युमिनियमवाली चालवून बघायला दुकानात जातोय. त्याने कार्बनचीही एक फेरी मारू द्या म्हणून दुकानदाराला आधीच फोन करून ठेवलाय.