पंप, रोटाहेलर की मशीन? मेडिकलच्या काउंटरवरून

सप्टेंबर सरत आला की आमच्या दुकानात नेब्युलायझरची, म्हणजे दम्याचं औषध वाफेसारखं देणाऱ्या मशीनची चौकशी सुरू होते. भिंतींना ओल, माळ्यावरच्या गाद्यांना बुरशीचा वास, रस्त्याकडेला काँग्रेस गवत फुललेलं, आणि दिवाळीचे फटाके तोंडावर. परवा एक आजी आल्या. नातू आठ वर्षांचा, घरात आजोबांनाही दमा. "भाऊ, दोघांत मिळून एक मशीनच घेऊन टाकू का?"

मी विचारलं, गेल्या महिन्यात नातू रात्री किती वेळा खोकत उठला? आजींना सांगता येईना. कुठलं साधन घ्यायचं हे त्यानंतरचं. आधी दमा ताब्यात आहे की नाही ते कळायला हवं, आणि ते आज छाती मोकळी आहे का यावरून कळत नाही.

दम्यावर काम करणाऱ्या 'जीना' या आंतरराष्ट्रीय संस्थेची, जगभर मानली जाणारी मार्गदर्शिका मागच्या चार आठवड्यांबद्दल चार गोष्टी विचारते. दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? दम्याने रात्री जाग आली का? तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे काही करायचं राहिलं का? एकही 'हो' नसेल तर दमा ताब्यात. एक-दोन 'हो' म्हणजे अर्धवट ताब्यात, तीन-चार म्हणजे ताब्याबाहेर गेलेला. पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मोजपट्टी आणखी कडक: दिवसाचा त्रास किंवा पंप आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा झाला तरी 'हो' धरायचं.

बारा वर्षांपुढच्यांसाठी 'अस्थमा कंट्रोल टेस्ट' आहे. पाच प्रश्न, 25 पैकी गुण, 20 किंवा जास्त आले तर ठीक. चार ते अकरा वर्षांच्या मुलांची वेगळी आहे: सात प्रश्न, त्यातले चार मूल स्वतः हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांवर बोट ठेवून सोडवतं, तीन आईवडील. 27 पैकी 19 किंवा कमी आले तर डॉक्टरांकडे जायचं. मुलाला स्वतः विचारायचं कारण सोपं आहे. मूल 'दम लागतो' असं म्हणत नाही. ते पकडापकडीतून बाहेर पडतं आणि कट्ट्यावर बसून गुण मोजायचं काम घेतं. घरच्यांना वाटतं, शहाणा झाला. मोठ्यांचं उलटं. ते दोन जिन्यांमध्ये थांबायला शिकलेले असतात आणि त्याला 'वय झालं' म्हणतात. अशांनी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारी नळी, घ्यावा. जोरात तीन फुंकरी, त्यातली सगळ्यात मोठी लिहायची. बरं असताना आलेला स्वतःचा उत्तम आकडा शंभर टक्के धरला, तर 80 टक्क्यांखाली सावध आणि 50 टक्क्यांखाली तातडी. साधारण पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला ती फुंकर नीट जमत नाही. तिथे प्रश्नच बरे.

मला काउंटरवरून दिसणारी खूण वेगळीच आहे. साल्ब्युटामॉल, म्हणजे तात्पुरत्या आरामाचं औषध, त्याच्या एका पंपात 200 मात्रा असतात. आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन मात्रा घेतल्या तर तो जवळजवळ वर्षभर पुरतो. दर दोन महिन्यांनी नवा नेणारा माणूस रोज तीनेक मात्रा ओढतोय. वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागले तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढतो. बारा लागले तर जिवाचा. (शाळेच्या दप्तरात एक, घरी एक, मामाकडे हरवलेला एक, असं असेल तर हा हिशेब फसतो.) पंपाच्या रंगावर जाऊ नका, नाव वाचा.

आता साधनं. पंप आणि त्याला जोडायचा प्लास्टिकचा पोकळ नळा, म्हणजे स्पेसर, ही माझी पहिली पसंती, नातवाला नक्कीच. नुसता पंप तोंडात मारला की बराच भाग जिभेवर आणि घशात बसतो. दाब आणि श्वास एकाच क्षणी जुळावे लागतात, ते मोठ्यांनाही चुकतं. स्पेसरमध्ये एका वेळी एकच मात्रा, मग सावकाश पाच-सहा श्वास. अगदी लहानांना मास्क, तीन-चार वर्षांपुढे जमेल तेव्हा थेट तोंडाने. धुतल्यावर फडक्याने पुसू नका, तसाच वाळू द्या. पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटतं.

रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूलमधली औषधाची पूड ओढायचं साधन, खिशात मावतो आणि कॅप्सूल फिरवून फोडली की काम होतं. पण इथे श्वास हळू नव्हे, जोरात आणि खोल ओढायचा असतो. ऐन अटॅकमध्ये लहान मुलाला किंवा थकलेल्या आजोबांना तो जोर कुठून येणार? शिवाय दमट हवेत पूड गोळा होते. आणि एक कबुली: एक काका महिनाभर त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते. चूक माझी. पाकीट देताना मी तोंडाने समजावलं नव्हतं.

मशीन म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, वीज आणि दर वेळची धुलाई. तरी ते पंपापेक्षा 'जोरदार' असतं ही समजूत जात नाही. सौम्य ते मध्यम अटॅकमध्ये स्पेसरमधून दिलेलं औषध मशीनइतकंच काम करतं. उलट घरात मशीन असलं की लोक वाफ घेत घरीच थांबतात आणि दवाखान्याला उशीर होतो, ही माझी तक्रार. वाक्य पुरं करता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर झालेत, तर निघायचं. रस्त्यातही स्पेसरमधून पंप देत राहायचं. डॉक्टरांनी कारण देऊन लिहून दिलं तर मशीन जरूर घ्या.

साधनापेक्षा मोठा फरक आत काय आहे याचा. साल्ब्युटामॉल नळ्या उघडतं, पण आतली सूज तशीच राहते. म्हणून 2019 पासून 'जीना' बारा वर्षांपुढच्यांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नका म्हणते. त्याऐवजी बुडेसोनाईड (सूज उतरवणारं स्टिरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (नळ्या उघडणारं) हे जोड औषध, सौम्य दम्यात लागेल तेव्हाच, जास्त असेल तर रोजही. 2018 च्या सिग्मा-1 अभ्यासात सौम्य दम्याच्या रुग्णांना ते लागेल तसं दिलं, तेव्हा नुसत्या तात्पुरत्या पंपापेक्षा तीव्र अटॅक सुमारे 64 टक्क्यांनी कमी झाले. आजोबांनी डॉक्टरांना हे विचारावंच. नातवाच्या वयात बहुतेकदा रोजचा कमी मात्रेचा स्टिरॉइड पंप आणि वेळप्रसंगी साल्ब्युटामॉल अशी जोडी असते.

'स्टिरॉइड' म्हटलं की आईचा चेहरा उतरतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात लहानपणी काही वर्षं रोज बुडेसोनाईड घेतलेल्यांची मोठेपणीची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी भरली. हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. पण दम्याने रात्र रात्र जागणारं आणि वारंवार स्टिरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स घेणारं मूल समोर ठेवून मी तुलना करतो. घेतल्यावर चूळ भरायची, म्हणजे तोंड येत नाही. पंपाला भिऊन माँटेलुकास्ट ही दम्याची गोळी मागणारेही खूप. तिच्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये मनःस्थितीवरच्या परिणामांबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. गोळी सुरू असताना मूल चिडचिडं झालं, वाईट स्वप्नांनी उठू लागलं, तर डॉक्टरांना लगेच सांगा. कोजागिरीला खिरीतून औषध घेणारे घ्यायचे तर घेवोत. त्या रात्रीनंतर पंप बंद करू नका एवढंच माझं म्हणणं.

आजींनी मशीन नेलं नाही. स्पेसर घेतला आणि दुकानाचं कॅलेंडर मागितलं. नातू रात्री उठला की त्या तारखेवर फुली मारायची, आजोबांची वेगळ्या शाईने. जाताना परत वळल्या, "पेन पण द्या की एक, लाल."