फरशी न फोडता गळती शोधणारे नाशिकच्या सिडकोतले प्लंबर काका

गेल्या आषाढात हॉलच्या भिंतीवर, छताला लागून, तळहाताएवढा ओला डाग दिसला. पावसाळाच आहे, झिरपत असेल वरून, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. दिवाळीच्या साफसफाईला बघितलं तर डाग ताटाएवढा झालेला आणि रंगाचे पोपडे सोफ्यावर पडायला लागलेले. पाऊस जाऊन तेव्हा महिना होत आला होता. म्हणजे पाणी घरातलंच, आणि डाग बरोबर वरच्या बाथरूमखाली.

आमचं घर सिडकोतलं, जुनं. खाली हॉल-किचन, वर नंतर बांधलेल्या दोन खोल्या आणि बाथरूम. मी घरूनच जेवणाचे डबे देते, रोजचे पस्तीस-चाळीस, बरेचसे अंबडच्या कंपन्यांमधल्या मुलांचे. पहाटे पाचला माझा किचनचा नळ सुरू होतो तो अकरापर्यंत थांबत नाही. त्यामुळे प्लंबिंगचं काम म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पाणी बंद तर डबे बंद, आणि उपाशी मुलांना काय सांगायचं?

पहिल्यांदा एका माणसाला बोलावलं, नाव लिहीत नाही. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं, वर जाऊन पाच मिनिटांत खाली आला आणि म्हणाला, सगळी फरशी उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागेल, ४८ हजार. मी विचारलं, पण गळतंय नेमकं कुठून? तो म्हणाला, "फोडल्याशिवाय कसं कळणार?" ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. डॉक्टरनेही आधी नाडी बघावी ना, मग सुरी घ्यावी.

मग शेजारच्या वहिनींनी या काकांचं नाव सुचवलं. त्यांनी स्वतःचं नाव आणि नंबर कुठे टाकू नका असं बजावलंय, आहेत तीच कामं पुरतात म्हणाले, म्हणून इथे फक्त काका म्हणते. वय साठीच्या आसपास, आधी सातपूरच्या एका कारखान्यात पाइप फिटर होते. आले तेव्हा छिन्नी-हातोडा स्कूटरच्या डिकीतच ठेवला. मला आधी नुसते प्रश्न विचारले. गिझर कधी बसवला? पाइप बदललेत का जुनेच आहेत? डाग वाढतोय तो खाली की बाजूला? या घरात राहून चौदा वर्षं झाली, पण यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला नवऱ्याला फोन करून विचारावी लागली.

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं त्याला एक रुपया लागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. रात्री दहाला घरातले सगळे नळ बंद करायचे. गच्चीवरच्या टाकीत येणाऱ्या पाण्याचा कॉकही बंद करायचा, नाहीतर पाणी उतरलं तरी टाकी परत भरते आणि काही कळत नाही. मग टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करायची. पहाटे नळ उघडायच्या आधी टॉर्च घेऊन बघायचं. मी बघितलं. पाणी खुणेच्या खाली अर्धं बोट गेलेलं. मी फोनवर म्हटलं, काका, फार नाही, अर्धं बोटच आहे. ते म्हणाले, "पाचशे लिटरच्या टाकीत अर्धं बोट म्हणजे चार-पाच लिटर झालं, ताई. रात्रभर भिंत पितेय तुमची."

नुसत्या फरशीतून गळत असतं तर नळ बंद असताना टाकी उतरली नसती. म्हणजे दोष दाबाखालच्या पाइपात. दुसऱ्या रात्री फक्त गिझरकडे जाणारा कॉक बंद ठेवून तीच खूण परत केली. सकाळी पाणी जिथल्या तिथे. म्हणजे गरम पाण्याची लाइन. तरी खात्री म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी बाथरूमच्या जाळीला बोळा लावून फरशीवर दोन इंच पाणी साठवलं, त्यात हळद घातली आणि चोवीस तास तसंच ठेवलं. खाली पिवळा ठिपकाही आला नाही. ४८ हजारांची फरशी आमची ठणठणीत होती.

मग छिन्नी काढली ती मिक्सर नळाच्या मागे, आणि फुटल्या दीड टाइल. आत लोखंडी पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड होता. गिझर बसवताना कुणीतरी नवा प्लॅस्टिकचा पाइप आणून जुन्या लोखंडी एल्बोलाच जोडून दिला होता. काकांनी तो काढून माझ्या हातात ठेवला. बाहेरून नुसता तांबूस गंज, आणि एका कडेला मोहरीएवढं भोक. पण आत बघितलं तर गंजाचा थर साचून साचून पाइपाची वाट इतकी अरुंद झाली होती की माझी पेन्सिलही शिरेना. वरच्या बाथरूममध्ये गरम पाणी बारीक येतं म्हणून मी दोन वर्षं गिझरला दोष देत होते.

तिथून गिझरपर्यंतचा तुकडा त्यांनी सीपीव्हीसीचा टाकला. हा पाइप ९३ अंश तापमानापर्यंतच्या पाण्याला चालतो, साधा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, हे त्यांनी आपणहून समजावलं. जिथे नळाचे आटे येतात तिथे पितळी आट्यांचा जोड घेतला. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावून झाल्यावर मी घाई करत होते, पण संध्याकाळपर्यंत त्यांनी कॉक उघडू दिला नाही. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे भिंत लगेच बुजवली नाही. दोन दिवस खड्डा उघडाच ठेवायला लावला, रोज सकाळी टिश्यू पेपर जोडावर दाबून बघायला सांगितलं. कागद दोन्ही दिवस कोरडा निघाला, तेव्हाच गवंड्याला बोलावलं.

सगळं मिळून २,९०० रुपये झाले, त्यात सामान आलं. गवंड्याचे ७०० वेगळे. माझं किचन एकही दिवस बंद पडलं नाही, कारण किचनच्या लाइनला त्यांनी हातच लावला नाही.

काकांकडून मला मिळालेली खरी गोष्ट मात्र वेगळी आहे. कुठल्या कामाला त्यांना बोलवायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं. नळ ठिबकत असेल तर अँगल कॉक, म्हणजे त्या नळाचं पाणी बंद करायचा भिंतीवरचा छोटा कॉक, बंद करून वायसर बदलणं, टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेने ताणून गुंडाळणं, पाणी बारीक आलं की नळाच्या तोंडाची जाळी काढून धुणं, हे मी करते आता. महापालिका कधीकधी देखभालीसाठी पाणी बंद ठेवते, त्यानंतर पहिलं पाणी गढूळ आलं की माझी जाळी हमखास भरते, तेव्हा तर हे येतंच कामाला. अँगल कॉक दोन महिन्यांतून एकदा बंद-उघड करायचा हेही त्यांचंच सांगणं. वर्षानुवर्षं फिरवला नाही तर तो जाम होतो आणि ऐन वेळी मुठीत तुटतो. पण भिंतीच्या आतलं काही असेल, किंवा ज्याच्या आधी बंद करायला कॉक नाही असं काही असेल, तर पाना हातात घ्यायचा नाही, फोन करायचा.

सिंकचंही तसंच. एकटं सिंक तुंबलं तर खाली बादली ठेवून ती बाटलीसारखी वाटी फिरवून काढायची आणि साफ करायची. सिंक आणि मोरी दोन्ही एकाच वेळी वर यायला लागली तर अडचण बाहेरच्या चेंबरकडे आहे, तिथे आपलं काम नाही. मागच्या महिन्यात माझं सिंक तुंबलं, तेव्हा मी घाबरून आधी चोकअप काढायची पावडर ओतली आणि मग काकांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "आत काही टाकलंय का?" मला सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. ते आले ते रबरी हातमोजे आणि चष्मा घालून. बाटली उघडल्यावर त्यातलं पाणी अजून गरम होतं. त्यांच्या मनगटावर जुना पांढरट डाग आहे, एका घरी असंच कुणी न सांगता टाकलेलं अंगावर उडालं होतं. तेव्हापासून माझ्या घरात ती पावडर नाही. चिकट भांडी आधी कागदाने पुसून घेते, आणि उकळती पेज सिंकमध्ये ओतत नाही.

कमी पडतात तेही लिहायला हवं. वेळ सांगतील दहाची आणि येतील साडेबाराला. सकाळी फोन उचलत नाहीत. पक्कं बिल देत नाहीत, वहीच्या कागदावर हिशोब लिहून देतात. सोसायटीच्या कामाला ज्यांना बिल लागतं त्यांची यात अडचण होईल. गिझर आतून उघडणार नाहीत, "माझं काम पाण्याचं, विजेला हात लावणार नाही" म्हणतात. हे मी कमीपणात धरत नाही, पण इलेक्ट्रिशियन वेगळा बघावा लागतो हे माहीत असू द्या. आणि रात्री पाइप फुटला तर ते येणार नाहीत. घराचा मुख्य कॉक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा, असं मात्र पहिल्याच भेटीत त्यांनी बजावलं. आमच्या मुलीला तो तेव्हाच पहिल्यांदा कळला. बारावीत आहे ती.

काम, प्रामाणिकपणा आणि दर यांना माझ्याकडून पाचपैकी पाच, वेळेला दोन. सिडको, पाथर्डी फाटा, इंदिरानगर या भागात कुणाला हवे असतील तर मला विचारा, काकांना विचारून नंबर देईन. दुपारी एक ते तीनमध्ये फोन केला तर उचलतात. टाकीची खूण आदल्या रात्रीच करून ठेवा, पहिला प्रश्न तोच विचारतील.