लहान मुलांसाठी पुस्तकं: सार्वजनिक वाचनालय, खासगी बाललायब्ररी की घरपोच सेवा?

मूल दोन ते आठ वर्षांचं आहे आणि घरात सतत नवी पुस्तकं यायला हवीत, तर महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत आणि मोठ्या गावांत तीन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे पेठेतलं किंवा तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय. दुसरी, सोसायटीच्या तळमजल्यावर किंवा एखाद्या फ्लॅटमध्ये चालणारी खासगी बाललायब्ररी. तिसरी, आठवड्याला पुस्तकांची पिशवी दारात आणून देणारी घरपोच सेवा. पालक आधी वर्गणीची तुलना करतात. या वयात मात्र पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: मुलाचा हात पुस्तकापर्यंत पोचतो का?

कपाट उघडं की बंद

अनेक सार्वजनिक वाचनालयांत देवघेवीची पद्धत अजून बंद कपाटाची आहे. तालिकेत नाव शोधायचं, चिठ्ठीवर क्रमांक लिहून काउंटरवर द्यायची आणि कर्मचारी आतून पुस्तक आणून देणार. मोठ्या वाचकाला हे चालतं, कारण त्याला लेखकाचं नाव ठाऊक असतं. चार वर्षांच्या मुलाला नाव ठाऊक नसतं. ते मुखपृष्ठावरचा हत्ती बघून पुस्तक उचलतं. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' असं आहे. बालविभागाच्या कपाटाला कुलूप असेल, तर हे सूत्र तिथे लागू झालेलं नाही.

दुसरी अडचण बांधणीची. लहान मुलांची चित्रपुस्तकं सोळा-चोवीस पानांची, पिना मारलेली असतात. ती टिकावीत म्हणून वाचनालय त्यांना पुठ्ठा लावून शिवून घेतं आणि वर खाकी कागद चढवतं. शिवण आत गेली की दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग गिळला जातो आणि मुखपृष्ठ झाकलं जातं. अशी पुस्तकं उभी लावली की मुलाला दिसतात फक्त खाकी कणे आणि त्यावरचे आकडे. मूल कंटाळतं, आणि 'याला वाचनाची आवड नाही' असा निष्कर्ष काढून पालक परततात. तो चुकीचा असतो.

यावर साधा उपाय आहे. गर्दी नसताना जाऊन बालविभागाच्या कर्मचाऱ्यांना विचारायचं: 'वीस-पंचवीस पातळ पुस्तकं टेबलावर काढून ठेवता का? मूल बघेल आणि आम्हीच जागेवर लावू.' नीट विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. जाताना पुस्तकं क्रमांकाने लावून दिली तर पुढच्या वेळी सांगावंही लागत नाही.

खासगी बाललायब्ररी इथे सरळ पुढे आहे. तिथे कमी उंचीचे रॅक असतात, पुस्तकं मुखपृष्ठ समोर ठेवून मांडलेली असतात आणि खाली सतरंजी असते. घरपोच सेवेत मात्र निवड मुलाची नसतेच. यादी व्हॉट्सअॅपवर येते, पालक टिक करतात, नाहीतर चालवणारी व्यक्ती स्वतः पुस्तकं भरते. ही व्यक्ती मुलाचं वय, आवड आणि आधी वाचलेलं विचारून पिशवी भरत असेल तर ती सेवा घेण्याजोगी आहे. वयोगटाप्रमाणे एकच ठरलेला गठ्ठा सगळ्यांना फिरत असेल तर नको.

एका कार्डावर किती पुस्तकं

फॉर्म भरण्याआधी हा नियम विचाराच. सार्वजनिक वाचनालयात बऱ्याचदा एका सभासदाला एक पुस्तक, किंवा एक पुस्तक आणि एक मासिक मिळतं. मुदत साधारण पंधरा दिवसांची असते. कादंबरीला पंधरा दिवस योग्यच. चित्रपुस्तक मात्र पाच मिनिटांत संपतं आणि मग पुढचे चौदा दिवस घरात नवं काही नाही. म्हणून 'पुस्तक अधिक मासिक' हा वर्ग घ्यावा आणि जमल्यास आईच्या आणि बाबांच्या नावाने दोन वेगळी कार्डं करावीत. मुलाच्या नावाचं बालसभासदत्व स्वस्त पडतं, पण बऱ्याच ठिकाणी त्यावर फक्त बालविभागातलीच पुस्तकं मिळतात. पालकाच्या कार्डावर प्राण्या-पक्ष्यांची, रेल्वेची, किल्ल्यांची मोठ्या छायाचित्रांची पुस्तकंही आणता येतात, आणि पाच वर्षांची मुलं ती तासन् तास बघतात.

खासगी ठिकाणी एका वेळी दोन ते चार पुस्तकं मिळतात आणि मुदतीची फारशी काटेकोर अट नसते. घरपोच पिशवीत चार ते सहा. संख्येपुरतं बोलायचं तर घरपोच सेवा पुढे.

पैसे आणि कागदपत्रं

सार्वजनिक वाचनालयांची वर्गणी कमी का, याचं कारण अनुदान. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे राज्य शासनाचं अनुदान मिळतं. वर्ग बहुधा पाटीवर किंवा पावतीपुस्तकावर छापलेला असतो. अ वर्गाचं वाचनालय म्हणजे मोठा संग्रह, जास्त कर्मचारी आणि जास्त वेळ उघडं. ड वर्ग म्हणजे बहुतेकदा एक खोली आणि एकच कर्मचारी. दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर लहान मुलासाठी अ किंवा ब वर्ग बघावा.

सभासद होताना प्रवेश फी, अनामत आणि पुढच्या तीन महिन्यांची वर्गणी एकदम भरावी लागते. अनामत परत मिळते, प्रवेश फी मिळत नाही. सोबत आधार कार्ड, पत्त्यासाठी वीजबिल आणि दोन फोटो न्यावेत. काही ठिकाणी जुन्या सभासदाची सही लागते, तेव्हा शेजाऱ्यांत कोणी सभासद आहे का ते आधी विचारून ठेवावं. अनामतीची पावती घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. सभासदत्व बंद करताना ती आणि कार्ड दोन्ही मागतात. पालक हमखास फसतात ती गोष्ट अशी: जाणं बंद केलं तरी वर्गणी चालूच राहते आणि थकबाकी अनामतीतून वळती होते. परीक्षेच्या किंवा गावी जाण्याच्या काळात दोन-तीन महिने खंड पडणार असेल तर तसं लेखी कळवावं.

खासगी बाललायब्ररीची महिन्याची फी सार्वजनिक वाचनालयाच्या कित्येक पट असते आणि अनामतही मोठी असते. या लायब्रऱ्या बहुधा एका व्यक्तीच्या हौसेवर आणि वेळेवर चालतात. त्या व्यक्तीची बदली झाली, जागेचं भाडं वाढलं की बंद पडतात. म्हणून वर्षाची फी एकदम भरून मिळणाऱ्या सवलतीपेक्षा तिमाही फी बरी. अनामतीची लेखी पावती इथेही घ्या, फोनवरचा निरोप पुरेसा नाही.

मराठी किती, आणि कोणत्या वयाची

घरात मराठी बोलत असाल तर ही तुलना निर्णायक ठरते. खासगी बाललायब्रऱ्यांत आणि घरपोच सेवांत इंग्रजी पुस्तकांचा भरणा असतो. त्यातली बरीच परदेशी, जुन्या पुस्तकांच्या घाऊक बाजारातून आलेली, कागद उत्तम आणि चित्रं सुंदर असलेली. मराठीचा बहुधा एकच कप्पा. नाव नोंदवण्याआधी तो कप्पा उभ्या उभ्या मोजा. चाळीसपेक्षा कमी पुस्तकं असतील तर दोन पुस्तकं दर आठवड्याला या हिशेबाने पाच महिन्यांत मराठी संपेल.

सार्वजनिक वाचनालयाची ताकद मराठीत आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. एवढ्या जुन्या संस्थांचा संग्रह कोणतीही खासगी लायब्ररी उभा करू शकणार नाही. पण बालविभागातली बहुतेक पुस्तकं आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी आहेत: दाट मजकूर, बारीक टाइप, पानाआड एखादं रेखाचित्र. सहा वर्षांखालच्यांसाठी ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, तूलिका या प्रकाशकांची मराठी चित्रपुस्तकं आहेत का, हे पहिल्याच भेटीत बघावं.

नसतील तर ती आणवता येतात, आणि हा सार्वजनिक वाचनालयाचा असा फायदा आहे जो फार कमी पालक वापरतात. अनुदानातला ठरावीक भाग ग्रंथखरेदीवर खर्च करावाच लागतो, आणि आर्थिक वर्ष मार्चअखेर संपत असल्याने खरेदीची घाई शेवटच्या महिन्यांत असते. दिवाळीनंतर लगेच प्रकाशकाचं नाव, पुस्तकाचं नाव आणि किंमत असलेली दहा-पंधरा पुस्तकांची यादी सूचनावहीत लिहा आणि तिची एक प्रत कार्यवाहांना द्या. 'लहान मुलांची पुस्तकं घ्या' एवढीच सूचना वहीतच राहते, कारण पुस्तकं शोधायला कोणाकडे वेळ नसतो. तयार यादी दुकानदाराकडे तशीच जाऊ शकते. ग्रंथालयांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाची बालविभागांसाठी साहाय्याची योजना आहे, तीही कार्यवाहांच्या कानावर घालावी.

गोव्यातल्या वाचकांना हा प्रश्न थोडा सोपा आहे. पणजीत पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि पणजीच्या आसपास राहणाऱ्यांनी आधी तोच बघावा.

आवाज, जिना, वेळ

सार्वजनिक वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रं वाचणारे ज्येष्ठ असतात आणि दिवसभर अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलं. त्यांची शांततेची अपेक्षा रास्त आहे, आणि मोठ्याने वाचून दाखवणं ही तुमच्या मुलाची गरजही तितकीच रास्त. बालविभाग वेगळ्या खोलीत असेल तर प्रश्न नाही. एकाच दालनात कोपरा असेल तर तिथे फक्त पुस्तकं निवडा आणि वाचन बाहेरच्या कट्ट्यावर किंवा घरी करा. तीन वर्षांच्या मुलाला 'शू' म्हणत अर्धा तास बसवलं तर त्याच्या मनात वाचनालय म्हणजे रागावण्याची जागा होते.

बरीच वाचनालयं दुपारी तीन-चार तास बंद असतात आणि साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही. संध्याकाळी देवघेव सुरू झाल्यावरचा पहिला अर्धा तास सगळ्यांत मोकळा, सहानंतर कामावरून परतणाऱ्यांची रांग लागते. मुलाचं खाणं आणि शू उरकून न्या. जुन्या इमारतींत स्वच्छतागृह मुलांना वापरण्याजोगं असेलच असं नाही, जिना उंच असतो, बाबागाडी वर जात नाही. एका भेटीला तीस ते चाळीस मिनिटं पुरतात, त्यापुढे मूल रॅकवर चढायला लागतं.

खासगी ठिकाणी यातलं काही आड येत नाही, आणि आठवड्याला गोष्टींचा तास असेल तर तो मोठा फायदा. घरपोच सेवा पावसाळ्यात अडखळते. पिशवी प्लास्टिकची नसेल तर पुस्तकं ओली येतात.

पुस्तक फाटलं, भिजलं, हरवलं

पान फाटलं तर घरी सेलोटेप लावू नका. वर्षभरात तो पिवळा पडतो, डिंक कागदात उतरतो आणि शेजारची पानं चिकटतात. फाटलेला तुकडा पानातच ठेवून पुस्तक परत करा आणि सांगा, बांधणीवाला ते नीट करतो. भिजलं तर पानं पुसू किंवा चोळू नका. मधे मधे कोरे कागद घाला, पुस्तक पंख्याखाली उभं ठेवा. उन्हात वाळवलं तर कागद आक्रसतो. हरवलं तर सार्वजनिक वाचनालय किंमत किंवा तेच पुस्तक मागतं. पुस्तक बाजारात मिळत नसेल तर जास्त रक्कम लागू शकते. खासगी ठिकाणी परदेशी पुस्तकाची भरपाई छापील किमतीने लावली तर फार महाग पडते, तेव्हा हा नियम आधीच विचारून घ्या.

वयाप्रमाणे आमचं मत

दोन वर्षांखाली कोणतंच सभासदत्व नको. या वयात पुस्तक तोंडात जातं. जाड पुठ्ठ्याची चार-पाच पुस्तकं विकत घ्या आणि तीच पुन्हा पुन्हा वाचा.

दोन ते चार या वयात चालत जाण्याच्या अंतरावर खासगी बाललायब्ररी असेल आणि तिथे मराठी पुरेसं असेल तर ती घ्या. रिक्षा करून जावं लागणार असेल तर पैसे तिथे घालू नका. तेवढ्यात दर महिन्याला प्रथम किंवा नॅशनल बुक ट्रस्टची दोन-तीन पुस्तकं विकत घेता येतील. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. तिथल्या पहिल्या पातळीच्या गोष्टी अडीचशे शब्दांच्या आत असतात, झोपायच्या वेळेला पुरतात.

चार ते सहा हे वय सगळ्यांत अवघड, कारण मुलाची भूक मोठी आणि सार्वजनिक बालविभागात नेमकी याच वयाची पुस्तकं कमी. कपाटं उघडी असतील तर सार्वजनिक वाचनालयच घ्या, दोन कार्डांवर. बंद असतील आणि पुस्तकं काढून द्यायला कोणी तयार नसेल, तर वर्षभर घरपोच सेवा घ्या आणि सूचनावहीत यादी लिहीत राहा. काही वाचनालयं उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी अल्प मुदतीचं सभासदत्व देतात. एप्रिलच्या सुरुवातीला चौकशी करून तेवढ्यावर अंदाज घेता येतो.

सहानंतर आमचा कौल सार्वजनिक वाचनालयालाच. मूल स्वतः वाचू लागलं की मराठी बालविभागाचा मोठा भाग त्याच्यासाठी खुला होतो. 'किशोर'सारखं मासिक कार्डावर नियमित मिळतं, आणि पुस्तकाची मुदतही त्याच्या वाचनाच्या वेगाला जुळते. या वयात कार्ड मुलाच्या नावाचं करा, काउंटरवर पुस्तक त्यालाच देऊ द्या आणि परत करायची तारीख त्यालाच कॅलेंडरवर लिहू द्या. उशीर झाला तर विलंब शुल्काचे दोन-चार रुपये त्याच्याच हातून भरू द्या.