मिनी ट्रॅक्टरचे मागचे टायर मोठे करून घेतले आणि ६३,६६० रुपयांना बुडालो, तुम्ही तरी सावध व्हा

हे लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं. घरचे म्हणतात गप बस, गावात चर्चा होईल. पण मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातला एकजण त्याच दुकानात त्याच कामाला निघाला होता आणि योगायोगानं रस्त्यात भेटला म्हणून वाचला, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. मोंढ्याकडच्या, म्हणजे धान्य बाजाराकडच्या रोडवरचं आहे एवढं सांगतो.

माझ्याकडं छोटा ट्रॅक्टर आहे, फोर व्हील ड्राइव्ह, मागं ८.३-२० चे टायर, म्हणजे ८.३ इंच रुंद आणि २० इंचाच्या रिमचे. मशीन चांगलं आहे, पण तुरीत आन उसात घातलं की पोट पिकाला घासतं, फवारणीला उंची कमी पडते. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी भोगलाय, आमच्या काळ्या रानात नोव्हेंबरपर्यंत चिखल होता आणि हरभरा पेरायला उशीर होत होता. तेव्हा कुणीतरी सांगितलं मागं २४ चे टायर टाक, चार बोटं वर येतो ट्रॅक्टर. चुकीचं सांगितलं नव्हतं, उंची येतेच, आणि असे बदल लोक करतात, माझ्यासमोर रोज दोन ट्रॅक्टर तसे जातात. प्रश्न कसा बदल करायचा याचा आहे आणि ते ज्याला माहीत होतं त्यानं पैशासाठी लपवलं.

हिशोब आधी सांगतो म्हणजे कुणी म्हणायला नको की वाढवून सांगतोय. ८.३-२४ चे दोन टायर १३,५०० प्रमाणं २७,०००. ट्यूब दोन, २,३००. २४ च्या रिम दोन, १४,४००. फिटिंग आणि ट्यूबमधी पाणी भरायचे १,२००. झाले ४४,९००. त्यातून माझे जुने टायर रिमसकट ११,००० ला धरले. राहिले ३३,९००. वर दुकानदार म्हणला टायरवर १८ टक्के जीएसटी लागतो, ४,८६०. एकूण ३८,७६०. वीस हजार फोनवरून पाठवले आणि १८,७६० रोख मोजून दिले.

आता ही जीएसटीची गोष्ट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय. म्हणजे २७,००० वर १,३५० लागायला पाहिजे होते, यानं ३,५१० जास्तीचे घेतले. आणि ते सरकारला गेलेच नाहीत, कारण बिल म्हणून जे दिलं ती कच्ची चिठ्ठी होती, वर दुकानाचं नाव आहे पण जीएसटी नंबर नाही, आणि लिहिलंय काय तर “टायर सेट नवीन”. साइज नाही, प्लाय (टायर किती थरांचा ते) नाही, नंबर नाही. पक्कं बिल मागितलं होतं मी. “प्रिंटर बंद आहे दादा, उद्या पोराला पाठवा.” पोरगं गेलं तर परवा, परवा गेलं तर सीए कडं आहे. पक्कं बिल हातात पडल्याशिवाय शेवटचा पैसा सोडू नका, प्रिंटर कुणाचाच बंद नसतो.

फोनवरचे वीस हजार दुकानाच्या नावावर नाही तर एका बाईच्या नावावर गेले हे घरी आल्यावर दिसलं. स्क्रीनवर नाव येतं, ते वाचून मगच पिन टाकायचा.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगतो. ट्रॅक्टर जॅकवर होता, मागची दोन्ही चाकं काढलेली. फिटिंग करणारं पोरगं असंल सतरा-अठराचं, ते नट आवळता आवळता म्हणलं, “शेठ, ह्यो फोर बाय फोर हाय ना? मंग पुढचे?” एवढंच म्हणलं. शेठ लगेच त्याच्यावर डाफरला, तू तुझं काम कर, आणि त्याला चहा आणायला पाठवून दिलं. मी विचारलं काय म्हणत होता तो. शेठ म्हणला, “काय नाही ओ दादा, पुढचे घेतले तर अजून धंदा होईल म्हणून ही पोरं काहीही बोलतात, मी तुमचा खर्च वाचवायलोय. फोर व्हील तुम्ही वर्षातून किती वेळा टाकता?” आणि मला ते पटलं! पटणारच की. समोरचा माणूस जास्तीचा माल विकायला नको म्हणतोय म्हणल्यावर त्याच्यावर संशय कुणाला येईल? उलट वाटलं माणूस प्रामाणिक आहे. फसवणारा जास्त विकतो हेच आपल्याला माहीत असतं, हा कमी विकून फसवत होता. त्याच्याकडं पुढची मोठी साइज स्टॉकमधीच नव्हती हे नंतर कळलं, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून खोटं बोलला.

आणि दुसरी गोष्ट त्याच वेळची. डाव्या टायरवर मी हात ठेवला तर तळहात काळा झाला. नवीन टायरला हात लावला तर असा काळा होत नाही, हे पॉलिश होतं, वासपण येत होता. आणि बोटाला एका जागी खरबरीत लागलं, चार बोटं रुंद पट्टा, पॉलिश पेपरनं घासल्यासारखा. मी हात बघितला, फडक्याला पुसला. त्यावेळी दिवस मावळायला आलेला, जुनी चाकं काढून आत नेलेली, ट्रॅक्टर जॅकवर लटकलेला, सकाळी पेरणीला माणसं सांगितलेली. अशा वेळी कुठला शेतकरी टायरवरचा नंबर वाचत बसतो? मी तरी नाही, आणि जे आता मला शहाणपण शिकवतात त्यांच्यातला पण एकानं वाचला नसता.

तो खरबरीत पट्टा म्हणजे तारखेचा कोड घासून काढला होता. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते त्यानं डाव्या टायरचे घासले कारण ते बाहेरच्या बाजूला आले होते. ट्रॅक्टरचा टायर नक्षीच्या दिशेनं बसवावा लागतो, म्हणून डावीकडं जी बाजू बाहेर येते ती उजवीकडं आत जाते. उजव्या टायरचा कोड आत गेला, आतून कोण बघतंय म्हणून तो तसाच सोडला. नंतर मिस्तरीनं खाली पडून बॅटरी मारली तर स्वच्छ वाचता येत होतं, २२१८. म्हणजे २०१८ च्या बाविसाव्या आठवड्यातला माल, सात वर्षं कुठंतरी पडून वाळलेला, मला नवीन म्हणून २७,००० ला. पॉलिश धुऊन निघाल्यावर लगच्या, म्हणजे नक्षीच्या उंच पट्ट्यांच्या मुळाशी केसासारखे तडे दिसले, बोटानं ताणलं की उघडतात. रिमलापण एका जागी जुना वेल्डिंगचा टाका निघाला, वरून नवा रंग मारलेला.

तरी टायर जुने निघाले असते तर एकवेळ सहन केलं असतं. खरं वाटोळं साइजनं केलं.

फोर व्हीलच्या ट्रॅक्टरमधी पुढचं आणि मागचं चाक एकाच गिअरबॉक्सला बांधलेलं असतं. मागचं चाक एक फेरा करतं तेवढ्यात पुढच्यानं किती फेरे करायचे हे गिअरच्या दात्यांवर कंपनीनं ठरवलेलं असतं, आणि ते असं ठरवतात की पुढचं चाक किंचित जास्त पळावं, साधारण एक ते पाच टक्के, म्हणजे ते ट्रॅक्टरला पुढं ओढतं. आता मागचा टायर उंच केला आणि पुढचा तसाच ठेवला तर मागचं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि पुढचं मागं राहतं, ओढायच्या ऐवजी ब्रेक लावल्यासारखं करतं. माझ्या पुतण्याकडं हाच ट्रॅक्टर आहे, त्याच्या मागच्या जुन्या साइजच्या चाकाला खडूची खूण करून एक फेरा लोटून टेप लावला तर २९३ सेंटिमीटर. माझं ३२५. अकरा टक्के फरक! पुढं निदान एक-दोन टक्के आघाडी पाहिजे तिथं उलटी आठ-नऊ टक्के पिछाडी. हा ताण कुठंतरी जाणार, चिखलात टायर घसरून थोडा सुटतो, कडक जमिनीवर सुटायला जागाच नाही, तो सगळा पुढच्या एक्सलच्या दात्यांवर येतो.

मला लक्षणं दिसत होती पण अर्थ कळत नव्हता. फोर व्हील टाकलं की स्टिअरिंग जड व्हायचं, पुढून करकर आवाज, आणि काम झाल्यावर फोर व्हीलची दांडी सुटायचीच नाही, थोडं मागं घ्यावं तेव्हा खटकन सुटायची. पुढच्या टायरची नक्षी एका बाजूनं खरवडल्यासारखी झाली. मी शेठला फोन केला तर म्हणला “नवीन टायर आहेत, सेट व्हायला वेळ लागतो.” दांडी अडकायला लागली की त्याच दिवशी फोर व्हील बंद करा, कुणाचं ऐकू नका. मी ऐकलं आणि डिसेंबरात भरलेली ट्रॉली बांधावरून काढताना पुढं कट्टकन आवाज आला. बेव्हल गिअरचे दात गेले, बेअरिंग गेलं. सामान २१,४००, मजुरी ३,५००. म्हणजे २४,९०० आणखी. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यानं टायरकडं नुसतं बघितलं आणि वॉरंटी बाद म्हणला, साइज बदललीय. त्याच्यावर राग नाही माझा, त्यानं निदान खरं सांगितलं.

दुकानात गेलो तर शेठ ओळखच दाखवीना. मग म्हणला तुम्हीच मागितले मोठे टायर. जुने टायर रिम परत द्या म्हणलं तर ते “त्याच दिवशी विकले”. म्हणून सांगतो, जुना सेट कधीच एक्स्चेंजला देऊ नका, कोठ्यात पडू द्या, ११,००० साठी माझा परतीचा रस्ता बंद झाला.

मग सुरू झाली सरकारी वारी. ठाण्यात गेलो, साहेब म्हणले हे दिवाणी मॅटर आहे, ग्राहक मंचात जा. म्हणलं साहेब, कोड घासून जुना माल नवा म्हणून विकला, ही फसवणूक नाही का, नवीन कायद्यात, भारतीय न्याय संहितेत, ३१८ कलम आहे ना? तर म्हणले तुम्ही वकील आहात का. अर्ज घेतला, पोच दिली नाही. वजनमापेवाल्यांकडं गेलो, ते म्हणले वजनात कमी असतं तर बघितलं असतं. जीएसटीच्या ऑफिसात म्हणले बिल दाखवा, म्हणलं बिल दिलंच नाही हीच तर तक्रार आहे, तर म्हणले बिलाशिवाय तक्रार कशी घ्यायची! अरे मग बिल न देणाऱ्याची तक्रार करायची कुणी, त्यानं स्वतः? कृषी ऑफिसात सांगितलं आम्ही बियाणं खत औषध बघतो, टायर आमच्याकडं येत नाही. एकानं तर मलाच भीती घातली की टायरची साइज परवानगीशिवाय बदललीत, तुमच्यावरच कारवाई होईल. शेतकऱ्याकडून पाचशे रुपये थकले की नोटीस घरी येते आणि इथं माझे ६३,६६० रुपये गेले तर एका टेबलावरचा माणूस दुसऱ्या टेबलाकडं बोट दाखवतो, जेवणाची सुट्टी, साहेब मीटिंगला, साहेब इलेक्शन ड्युटीला. हेच साहेब दुकानदाराकडून स्वतःच्या गाडीला टायर घ्यायला गेले तर त्यांना कोड घासलेला देईल का तो? शेतकऱ्यालाच देतो, कारण त्याला माहीत आहे आपल्या मागं कुणी उभं राहत नाही.

शेवटी एका ओळखीच्या वकिलानं सरळ सांगितलं की जिल्हा ग्राहक आयोगात टाक. माहीत नसंल तर लिहून ठेवा, पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, ऑनलाइन पण करता येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेला माल असला तर शेतकरी पण ग्राहकच धरतात. माझ्याकडं चिठ्ठी, वीस हजाराचा फोनवरचा व्यवहार, २२१८ चा फोटो आणि मिस्तरीचं लेखी आहे, त्यावर टाकलंय.

अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांना समाजकल्याणच्या योजनेत ९० टक्के अनुदानावर छोटे ट्रॅक्टर मिळतात, त्यांच्याकडं हे दुकानदार मुद्दाम जातात, “उंची वाढवून देतो” म्हणून. त्या ताया-दादांनी एवढं करा: मागं जितके टक्के वाढवताय तितकेच टक्के पुढं वाढवून मिळतंय का ते आधी विचारा, आणि टायरवरच्या साइजवर जाऊ नका, खडू आणि टेप घेऊन जा, दोन्ही चाकांचा एक-एक फेरा मोजा. पुढचं मिळत नसेल तर मागचं पण करू नका. मडगार्डला टायर घासतोय का बघा. बिलावर साइज, प्लाय आणि टायरचा नंबर लिहून घ्या. कोड दोन्ही टायरचा वाचायचा, चाक बसवायच्या आधी, जमिनीवर आडवं ठेवून, दोन्ही बाजूंनी.

आणि ज्यांनी २०२५ च्या दिवाळीनंतर मोंढ्याकडून २४ चे टायर टाकून घेतलेत त्यांनी आजच ट्रॅक्टरखाली बॅटरी मारून उजव्या टायरची आतली बाजू बघा. शेवटचे दोन आकडे १८-१९ निघाले तर फोटो काढा आणि मला कळवा, आयोगात एकापेक्षा जास्त तक्रारी एकत्र गेल्या तर त्याला उत्तर द्यावंच लागंल.