शंभर रुपयांच्या नोंदणीसाठी माझे बारा हजार गेले

मार्च २०२३ची गोष्ट. बाहेरगावचे लोक जिला कांदालसूण मसाला म्हणतात, ती आम्हा कोल्हापूरकरांची नुसती ‘चटणी’. आमच्या घरची चटणी सासूबाईंच्या हातची. दर उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची वाळवायची, धणे, खोबरं, तीळ भाजायचे, कांदा तेलात खरपूस तळायचा आणि सगळं डंकावर नेऊन कुटून आणायचं. इतकी वर्षं ती पैपाहुण्यांना वाटली. त्या वर्षी विकायची ठरवलं. लक्ष्मीपुरीतले ओळखीचे दुकानदार पाव किलोची पन्नास पाकिटं ठेवायला तयार झाले. एकच म्हणाले, “वहिनी, पाकिटावर फूड लायसनचा चौदा आकडी नंबर पाहिजे. त्याशिवाय मला माल ठेवता येत नाही.” त्यांचं बरोबरच होतं.

रात्री भांडी आवरून मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेली साइट उघडली. तिरंग्याचे पट्टे, सरकारी वाटेल असं बोधचिन्ह. नावाच्या वर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं, तिकडे लक्षच गेलं नाही. नाव, पत्ता, आधार, मोबाइल नंबर सगळं भरून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, अगदी ऑफिसच्या वेळेला, फोन. “मॅडम, अन्न परवाना विभागातून बोलतोय. तुमचा अर्ज आलाय.” माझा पत्ता त्यानं घडाघडा वाचून दाखवला. तो मीच रात्री भरून दिला होता, पण त्या क्षणी वाटलं, खरंच सरकारी माणूस दिसतोय. म्हणाला, मसाला म्हणजे उत्पादन, त्याला मोठं लायसन लागतं, फी ४,५०० रुपये. भरले. चार दिवसांनी पुन्हा फोन, आता पाहणीची फी ७,८०० रुपये, नंतर परत मिळणारी. मी कचरले, तसा त्याचा आवाज बदलला. “मॅडम, अर्ज तुमच्या नावावर चालू झालाय. आता लायसन न घेता विकलंत तर सहा महिने कैद आणि पाच लाख दंड. मग आम्हाला सांगू नका.”

मी घाबरले. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर एका खाजगी माणसाचं नाव दिसत होतं. विचारलं, तर म्हणाला, “ते आमचे कॅशियर.” आणि मी पैसे पाठवले.

त्या धमकीबद्दल नंतर कळलं ते सांगते, कारण याच भीतीवर यांचा धंदा चालतो. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्यात ६३व्या कलमाखाली त्या वेळी तशी शिक्षा होती, हे खरं. पण त्याच कायद्याच्या कलम ३१(२)खाली ज्या छोट्या उत्पादकांना परवान्यातून सूट आहे, त्यांना ते कलम लागूच होत नाही. आपल्यासारख्यांनी करायची ती नोंदणी. ती करायलाच हवी, पण तिच्यासाठी कुणी तुरुंगाची भीती घालून रातोरात पैसे मागत नाही. पाहणीचे वेगळे पैसेही कुणी घेत नाही.

आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर सर्टिफिकेट आलं. माझा फोटो, माझं नाव, चौदा आकडे. मी लगेच एक हजार स्टिकर छापून घेतले. सासूबाई पाटावर बसून अंगठ्यानं एकेक स्टिकर नीट दाबून लावत होत्या, तिरका गेला तर काढून पुन्हा लावत होत्या.

दुकानदारांच्या मुलानं नंबर मोबाइलवर टाकला आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. तो नंबर दुसऱ्याच राज्यातल्या एका दुकानाचा होता. फॉसकॉस नावाच्या सरकारी साइटवर कुणालाही असा नंबर शोधता येतो, लॉगिनसुद्धा लागत नाही. नंबर नुसता वाचता आला असता तरी मी वाचले असते. नोंदणीचा नंबर २ने सुरू होतो, परवान्याचा १ने. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यापुढचे दोन वर्षाचे. माझ्या नंबरात राज्य वेगळं आणि वर्ष १९. अर्ज केला होता २०२३मध्ये.

पन्नास पाकिटं घरी परत आणली. स्टिकर खरवडायला बसले, तर वरचा कागद निघे आणि गोंद तसाच राही, त्याला चटणीचे लाल बोट लागून पाकीट आणखीच खराब दिसे. शेवटी सगळी फोडून चटणी पुन्हा बरणीत ओतली.

आणि मग माझी सगळ्यात मोठी चूक. अकरा दिवस मी घरात कुणाला बोलले नाही. शिकलेली बाई, बँकेचे व्यवहार स्वतः बघते, आणि अशी फसले, हे सांगायचं कसं? ह्यांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “त्याच दिवशी बोलली असतीस तर?” १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तक्रारही नोंदवली. पण तोवर पैसे खात्यातून पुढे गेलेले. पैसे गेल्याचं लक्षात आलं की पहिल्या काही तासांत तो फोन केला, तर रक्कम अडवली जायची शक्यता असते. लाज बाजूला ठेवा आणि फोन करा.

खरी नोंदणी नंतर मीच केली. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असलेल्या फॉसकॉसवर, अर्ज ‘अ’. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी पुरे होती आणि फी वर्षाला १०० रुपये. मी पाच वर्षांचे ५०० भरले, तेही साइटवरच. मर्यादा आणि फी बदलत असतात, तेव्हा भरायच्या दिवशी साइटवर दिसेल तीच रक्कम खरी धरा. अर्ज भरून देऊन आपली मजुरी घेणारे प्रामाणिक लोकही आहेत, त्यांना मी बोल लावत नाही. पण ते सरकारी फी आणि स्वतःची मजुरी वेगवेगळी सांगतात आणि फी भरल्याची पावती हातात देतात.

त्याच वर्षी दिवाळीआधी आमच्या बचत गटातल्या एका ताईंना तसाच फोन आला. त्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. फोन चालू ठेवूनच त्या माझ्या दारात आल्या. मी तो बंद करायला लावला आणि ओट्याशी उभं राहून दोघींनी अर्ज भरला. एका वर्षाचे शंभर रुपये. नंबर आला तेव्हा छापायला देण्याआधी तो साइटवर शोधला. त्यांचंच नाव आलं. त्यांनी मला ते दोनदा वाचून दाखवायला सांगितलं.