फायबर मीडिया कन्व्हर्टरची जोडी: लॅनच्या वायरीतून ॲम्पमध्ये शिरणारी गुणगुण कितपत थांबते

आधी रेटिंगच सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पाचापैकी चार. एक कापला तो सोबत येणाऱ्या ॲडॅप्टरमुळं, त्याच्यावर खाली बोलतो. वस्तू म्हणजे काय, तर पत्र्याच्या दोन छोट्या डब्या, आपले इंटरनेटवाले आणि सीसीटीव्हीवाले रोज वापरतात त्याच, एका तोंडाला लॅनचं साधं पोर्ट आणि दुसऱ्या तोंडाला फायबरचं. एक डबी राउटरपाशी, एक ॲम्पपाशी, मधात काचेची बारीक तार. लातूरला एका सीसीटीव्ही सामानाच्या दुकानात जोडी आणि पॅचकॉर्ड (म्हणजे तीच काचेची तार) मिळून दोन हजाराच्या आसपास पडलं. दुकानदाराला म्हणलं हे गाणं ऐकायला पाहिजे, तर तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला आणि म्हणला, ते राहू द्या, कॅमेरे किती आहेत ते सांगा.

सिस्टीम माझी नाही, दाजींची. तळमजल्यावर थिएटरची खोली, एव्ही रिसीव्हर, त्याच्यापुढं वेगळा तीन पिनचा पॉवर ॲम्प, उभे मोठे स्पीकर, प्रोजेक्टर. वरच्या मजल्यावर रॅक, त्यात राउटर, नॅस (गाणी पिक्चर साठवायचा नेटवर्कवरचा डबा) आणि कॅमेऱ्यांचा स्विच, तेही तीन पिनवर. दोन्हीच्या मधात इंटेरिअरवाल्यानं भिंतीतून टाकलेली शिल्डेड कॅट सेव्हन (तारांभोवती धातूची जाळी असलेली लॅनची वायर), दोन्ही टोकाला चकचकीत धातूचे कनेक्टर. सगळा महागातला माल, आणि स्पीकरजवळ गेलं की एकसारखी गुणगुण, वर नॅसमध्ये काही कॉपी करायला लागलं की ट्वीटरमधून (स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग) बारीक चिर्र चिर्र. मारामारीच्या पिक्चरला ते कोण ऐकतंय, पण दाजींना रात्री खयाल ऐकायची सवय, सुरुवातीला नुसता तानपुरा असतो तेव्हा ती गुणगुण षड्जाच्या खाली बसलेली साफ कळायची आणि एकदा कळली की मग कान तिकडंच जातो.

एका डीलरला फोन केला (मोठ्या शहरातला, नाव घेत नाही) तर त्यानं एकदम ऑडिओफाइल नेटवर्क स्विच (गाण्याच्या शौकिनांसाठी म्हणून विकतात तो) सांगितला. किंमत म्हणाल तर त्या पैशात सेकंडहँड बुलेट येईल. त्याचं म्हणणं की सर, नेटवर्कचा नॉइज गेला की बेस घट्ट होतो, स्टेज म्हणजे आवाजाचा पसारा रुंद होतो आणि प्रोजेक्टरवर काळा रंगसुद्धा जास्त काळा दिसतो. दाजी हुशार माणूस, म्हणले आधी ऐकायला द्या, मग पैसे. आला तो स्विच चार दिवसासाठी, त्याच्याबद्दल पण सांगतो.

आता लोक इथंच गोंधळतात म्हणून जरा थांबून लिहितो. नेटवर्कमधून गाणं येतं ते आकड्यांच्या पाकिटात येतं. प्रत्येक पाकिटासोबत ३२ बिटांचा सीआरसी (पाकीट बिघडलं का ते तपासायचा आकडा) असतो, पाकीट बिघडलं की ते फेकून दिलं जातं आणि पाठवायची पद्धत टीसीपी असेल तर परत मागवलं जातं, प्लेअर ते आपल्या बफरमध्ये साठवतो आणि मग डॅकच्या (आकड्यांचा आवाज करणारा भाग) स्वतःच्या घड्याळावर वाजवतो. राउटरमधलं घड्याळ भारी असलं काय नि साधं असलं काय, तिथपर्यंत पोचतच नाही. चित्राचंही तेच, डेटा हरवला तर चित्र अडकतं, ठोकळे दिसतात, रिझोल्यूशन खाली येतं, पण काळा रंग थोडासा फिका असं कधी होत नाही. आणि डेटा तरी किती लागतो हो, सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला १.४ मेगाबिट, २४ बिट १९२ किलोहर्ट्झचं स्टीरिओ म्हणजे ९.२ मेगाबिट. त्याच्यासाठी लाखाची रस्तारुंदी करायची गरज नाही.

पण मग नेटवर्क नॉइज ही नुसती बनवाबनवी आहे का? तर नाही, आणि इथं नुसतेच हसणारे लोकही चुकतात. नॉइज आकड्यात नसतो, तांब्यात असतो. लॅनची वायर म्हणजे शेवटी दोन मशिनींना जोडणारा धातू. पोर्टच्या आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, स्टँडर्डप्रमाणं १५०० व्होल्ट सहन करणारा, त्यामुळं आतल्या तारांतून थेट करंट जात नाही. पण एक, शिल्डेड वायरची जाळी त्या ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून एका डब्याचा पत्रा दुसऱ्या डब्याच्या पत्र्याला जोडून टाकते. दोन, ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमध्ये थोडी कपॅसिटन्स असतेच, तिच्यातून वरच्या फ्रिक्वेन्सीची घाण झिरपते. दाजींकडं पहिला प्रकार तर पुस्तकात छापावा असा होता. पॉवर ॲम्पचं अर्थिंग, तिथून आरसीए म्हणजे ऑडिओच्या वायरीनं रिसीव्हरचा पत्रा, तिथून कॅट सेव्हनची जाळी, तिथून वरचा रॅक आणि रॅकचं अर्थिंग परत खाली. झाला वेढा पूर्ण. दोन जागच्या अर्थिंगमध्ये जरासा व्होल्टेजचा फरक राहतोच, तो त्या वेढ्यात फिरतो आणि स्पीकरमधून ५० नि १०० हर्ट्झ होऊन बाहेर पडतो.

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी फुकटातली टेस्ट करा. रिसीव्हरची लॅन वायर काढा आणि वायफायवर लावा. गुणगुण गेली तर रोग लॅनमध्ये आहे. नाही गेली तर डिशची कोॲक्स (छत्रीकडून येणारी वायर) काढून बघा, मग एचडीएमआय, एकेक करून. दाजींकडं लॅन काढल्याबरोबर गुणगुण जवळजवळ गेली, चिर्र चिर्र तर पूर्णच गेली. मग तुम्ही म्हणाल वायफायच ठेवायचं ना, कामून खर्च करायलाव. गाण्याला वायफाय चालतंयच. पण नॅसवरून ४के डिस्कचं मूळ रिप (डिस्कवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल) लावलं की बिटरेट काही ठिकाणी शंभर मेगाबिटच्या वर जातो, अल्ट्रा एचडी ब्लू-रेची मर्यादाच १२८ आहे, आणि दाजींच्या घराच्या भिंती जुन्या, दगडी, ऐन रंगात आलेल्या सीनला चित्र अडकायचं.

दुसरी पायरी, शिल्डेडच्या जागी साधी कॅट सिक्स यूटीपी, म्हणजे जाळी नसलेली, प्लॅस्टिकचे कनेक्टर. काही शेकड्यांचा मामला. आणि खरं सांगायचं तर ऐंशी टक्के काम इथंच झालं, वेढा तुटला, गुणगुण बसल्या जागेवरून ऐकू येईना. ज्यांना तेवढंच पाहिजे त्यांनी इथंच थांबावं, पुढं वाचलं नाही तरी चालेल. राहिली ती ट्वीटरची बारीक चिर्र, कान लावल्यावर येणारी, आणि दाजी कान लावणाऱ्यातलेच.

मग ही जोडी. काचेतून उजेड जातो, करंट जात नाही, विषय संपला. लावल्याबरोबर चिर्र बंद. व्हॉल्यूम रोजच्यापेक्षा बराच वर नेऊन, गाणं पॉज करून, वर कॉपी चालू ठेवून ट्वीटरला कान लावला, नुसती ॲम्पची स्वतःची हलकी सुसू, जी असतेच.

घेताना काय बघायचं ते नीट सांगतो कारण दुकानात कुणी सांगत नाही. गिगाबिटचीच घ्या, शंभर मेगाबिटवाली स्वस्त जोडी पण मिळते, तिच्यावर ते मोठे रिप अडकणार. एकाच तारेवर चालणारी जोडी असेल तर एक डबी ए आणि एक बी लागते, एक १३१० नॅनोमीटरवर पाठवते आणि १५५० वर ऐकते, दुसरी उलटं, दोन्ही ए उचलून आणल्या तर बसा बोंबलत. पॅचकॉर्ड निळ्या तोंडाची मागा. आपल्या घरात इंटरनेटवाल्याची जी येते ती बहुतेक हिरव्या तोंडाची असते, हिरव्याचं टोक आठ अंशात तिरपं घासलेलं असतं आणि निळ्याचं सरळ, भोकात दोन्ही बसतात पण दोन टोकं नीट टेकत नाहीत, सिग्नल पडतो आणि लिंक लागते तुटते लागते तुटते. कमी अंतराचीच जोडी घ्या, ऐंशी किलोमीटरवाली घेऊन खोलीतल्या खोलीत लावली तर समोरच्याच्या डोळ्यात टॉर्च मारल्यासारखं होतं. तार काटकोनात दुमडायची नाही, आणि उघड्या तोंडात डोळा घालून उजेड येतो का बघायचं नाही, तो उजेड डोळ्याला दिसत नसतो. डबीवर एफएक्स (फायबर) आणि टीपी (तांब्याची लॅन) असे दोन दिवे असतात, दोन्ही लागले की झालं. सेटिंग काही नाही.

आता तो कापलेला मार्क. सोबतचा पाच व्होल्टचा ॲडॅप्टर एकदम टुकार. हातात घेतला की हलका, तासाभरात गरम. जुना ट्रान्झिस्टर मिडीयम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधात ठेवून त्या ॲडॅप्टरजवळ न्या, कर्रर्र करून ओरडतोय. म्हणजे काचेनं वरची घाण थांबवली आणि आपण ॲम्पच्या शेजारीच नवीन घाणीचा कारखाना लावला. ॲम्पकडच्या डबीला चांगल्या कंपनीचा पाच व्होल्टचा ॲडॅप्टर लावा, पिन बसते का आणि अँपिअर पुरतात का बघून, आणि ॲम्पच्या एक्स्टेन्शन बोर्डवर न लावता जरा लांबच्या सॉकेटवर लावा. डबी ते रिसीव्हर हा शेवटचा तुकडा यूटीपीच पाहिजे, तिथं परत शिल्डेड लावली तर काय उपयोग. आम्ही तपासायला एकदा पॉवर बँकवर पण चालवून बघितली, मेनशी संबंधच नाही, तशी सगळ्यात शांत, पण रोज चार्ज कोण करत बसणार.

त्या महागड्या स्विचचं राहिलंच. भाच्याला पडद्यामागं बसवला, तो मनाला येईल तसं कधी महागडा स्विच, कधी वरचा साधा स्विच आणि फायबर असं बदलायचा, आम्ही तिघं चौघं ऐकायला. दाजी, दाजींचे एक तबला वाजवणारे मित्र, मी. कुणालाच धड ओळखता आलं नाही, तबलजी तर पैजेवर बसले होते. स्विच वाईट नव्हता, बांधणी भारी, त्यानंही चिर्र कमी केली, पण दोन हजारात जे होतंय त्याला तेवढे पैसे नाही बा. प्रोजेक्टरवर काळ्यात काडीचा फरक नाही. परत पाठवला.

एक गोष्ट मात्र हात जोडून. गुणगुण घालवायला काही लोक ॲम्पची अर्थिंगची पिन काढतात, किंवा तीनाचं दोन करणारं सॉकेट लावतात. आवाज जातोही. पण उद्या आत फेज पत्र्याला लागला तर ट्रिप काही होणार नाही, पत्र्याला हात लावणारा माणूस जाईल. अर्थिंग तोडायचं नाही, सुधारायचं. आपल्याकडं तर काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कोळसा मीठ घातलेला खड्डा एप्रिल मे मध्ये खडखडीत कोरडा, आणि प्यायला टँकर लावायची वेळ असते तेव्हा अर्थिंगला पाणी घाला म्हणलं की घरातले वेड्यात काढतात. तरी बादलीभर वापरलेलं पाणी ओता, आणि वायरमनकडून एकदा मोजून घ्या. दाजींचा खड्डा बघितला तर वरची कढईएवढी फरशीसुद्धा कुणी वर्षानुवर्षं उचललेली नव्हती.

फायबरचा दुसरा फायदा, डीलर कुणीच सांगत नाही तो. वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस, दोन्ही वेळेला आमच्याकडं विजा लई पडतात, आणि लांब तांब्याच्या लॅनमधून झटका येऊन राउटरचं, टीव्हीचं पोर्ट उडणं हे दर सालचं. काचेतून तो झटका पुढं जात नाही. लाइटच्या वायरीतून येणारा येणारच, त्याला सर्ज प्रोटेक्टर वेगळा पाहिजे आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढणं सगळ्यात भारी.

कटकट एवढीच की आता दोन डब्यांना लाइट लागते. लोडशेडिंगमध्ये वरची डबी यूपीएसवर चालू आणि खालची बंद, मग प्लेअर म्हणतो नेटवर्क नाही. खालची इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतली. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हवाला असेल तर मात्र सगळ्या ॲम्पमध्येच घर्रर्र येईल, तिथं फायबर काय करणार, साइन वेव्हचाच पाहिजे. बोअरची मोटर चालू होताना स्पीकरमध्ये टक् होतं ते अजून आहे. डिशची कोॲक्स लावली की थोडी गुणगुण येते, तिच्यासाठी आयसोलेटर मागवलाय, आला की खाली लिहितो.