सिस्टरांचं बोलणं: सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलचा जनरल वॉर्ड

या वॉर्डात दुखणं आण्यांत मोजतात. शून्य ते दहामध्ये किती, असं विचारलं की खेड्यावरची आजी नुसती बघत राहते. ‘आजी, काल रुपयाभर दुखत होतं, आज किती आणे?’ म्हटलं की ‘सहा आणे राहिलंय’ हे पटकन येतं. सिस्टर चार्टवर ४ लिहिते. हिशेब चोख.

पूर्व भागातल्या पेशंटला तेलुगूत ‘एक्कड नोप्पी?’ आणि अक्कलकोटकडच्याला कन्नडमध्ये ‘एल्लि नोवु?’ (कुठे दुखतंय?) विचारणारी एखादी सिस्टर बहुतेक ड्युटीला असते. पुढचं सगळं मात्र नातेवाइकामार्फत, आणि गळती तिथेच होते. लघवीला जळजळतंय हे आई मुलाच्या तोंडून कशी सांगणार? मुलगा ‘बरी आहे’ म्हणून मोकळा. पडदा ओढून त्याला दोन मिनिटं बाहेर पाठवायचं कुणाला सुचत नाही.

सर्वांत कच्चं काम ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचं. ‘बारानंतर काही खायचं नाही’ एवढंच सांगतात. आपल्याकडे चहा खाण्यात धरतात का? सकाळी कपभर दुधाचा चहा पोटात गेला की भूल द्यायला सहा तास थांबावं लागतं, केस पुढे ढकलतात, वर ‘सांगितलं होतं ना!’ हे पेशंटनेच ऐकायचं. चहा, दूध, बिस्किट, तंबाखू, मिश्री अशी नावं घेऊन सांगायला वीस सेकंद पुरतात. साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल, तेही वेगळं सांगायला हवं.

‘काही होत नाही, घाबरू नका’ हे वाक्य दिवसभर फुकट वाटलं जातं. ते ऐकून पेशंट गप्प होतो, आणि भीतीचं कारण, बहुधा बिलाचं, पोटातच राहतं. रात्रपाळीच्या दोघी-तिघी मात्र स्टूल ओढून बसतात, ‘कशाची काळजी लागलीय?’ विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. हे थांबणं शिकवूनही सगळ्यांना जमत नाही.

डिस्चार्जच्या वेळचं समजावणं मात्र नंबर एक. इन्सुलिनच्या पेशंटला ‘समजलं का?’ विचारत नाहीत. ‘घरी सुनेला कसं सांगाल, करून दाखवा’ म्हणतात. ४० च्या बाटलीला (एका मिलीत ४० युनिट) लाल टोपणाचीच सिरिंज, हे हातात देऊन दाखवतात. त्याच बाटलीतून नारिंगी टोपणाच्या १०० च्या सिरिंजने (मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची) २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात ८ युनिटच जातात आणि साखर का उतरत नाही ते घरात कुणालाच कळत नाही.

डिस्चार्ज दुपारी दोनच्या आत मागून घ्या. दोनला ड्युटी बदलते, त्या गडबडीत फक्त कागद हातात पडतो, आणि कागदावर टोपणाचा रंग लिहिलेला नसतो.